जिरायत सोलापुरात झाडशेती: किती झाडे, कुठे, कशी आणि पैसे कुठून

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही एकसारखा पडत नाही. मृगात थोडा, मग जुलै-ऑगस्टमध्ये ओढ, आणि खरा जोर उत्तरा-हस्तात. सांगोला, माळशिरस, करमाळा या पश्चिमेकडच्या तालुक्यांत तो आणखी कमी. बार्शी-अक्कलकोटकडे जरा बरा. अशा रानात ज्वारी-तुरीबरोबर फळझाडे आणायची म्हटले की गाडे दोन ठिकाणी अडते: पहिल्या दोन उन्हाळ्यांचे पाणी आणि पहिल्या चार वर्षांचा घरखर्च. बाकीच्या चुका नंतर निस्तरता येतात, या दोन निस्तरत नाहीत. त्यामुळे सुरुवात रोपवाटिकेतून न करता मे महिन्यातल्या विहिरीवरून करायची.

हे मार्गदर्शन दोन-पाच एकर जिरायत रान असलेल्या, झाडशेतीत नव्याने उतरणाऱ्या शेतकऱ्यासाठी आहे आणि त्याला कागदपत्रांत मदत करणाऱ्या गटाच्या किंवा शेतकरी कंपनीच्या कार्यकर्त्यासाठीही. ज्वारी मोडून बाग करा, असा सल्ला इथे दिलेला नाही. धान्य आणि कडबा घरात येत राहिला तरच झाडाला मोठे व्हायला वेळ मिळतो.

पायरी १: मे महिन्यातले पाणी मोजा

झाडांची संख्या रानाच्या क्षेत्रावरून ठरवू नका. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात बोअर किंवा विहिरीवर २०० लिटरचा ड्रम ठेवा आणि तो किती मिनिटांत भरतो ते पाहा. चार मिनिटांत भरला तर मिनिटाला ५० लिटर. मग मोटार किती वेळ सलग चालते ते मोजा. ४० मिनिटांनी पाणी तुटत असेल तर तुमच्याकडे दिवसाला २,००० लिटर आहेत. त्यातून घर आणि जनावरे वजा करा. दुभत्या जनावराला उन्हाळ्यात ७० ते १०० लिटर सहज लागतात.

आता झाडाची बाजू. सीताफळ, बोर, चिंच यांसारख्या काटक झाडाला बुडाशी चांगले आच्छादन असेल तर पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला १५ लिटर पाणी पुरते. फेब्रुवारी ते जूनचा मध्य असे २० आठवडे धरले तर एका झाडाला ३०० लिटर. १२५ झाडांना ३७,५०० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे चार टँकर. दुसऱ्या उन्हाळ्यात हे पाणी दुप्पट धरा. विहीर आटली तर एवढे टँकर विकत घेण्याची ऐपत आहे का, हे आजच ठरवा. नसेल तर झाडे निम्मी करा. जगलेली ६० झाडे वाळलेल्या १२५ झाडांपेक्षा कधीही बरी, आणि पुढे दिसेल की अनुदानाचे हप्तेही जगलेल्या झाडांवरच मिळतात.

शेततळे असेल तर त्याचाही हिशेब कागदावर करा. २० × २० × ३ मीटरच्या, १:१ उताराच्या शेततळ्यात सुमारे ८ लाख ७६ हजार लिटर पाणी मावते. पण अस्तरीकरण नसेल तर मुरमाड रानात ते पाणी जमिनीत मुरून जाते, आणि कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनानेच रोज सेंटीमीटरच्या आसपास खाली जाते. तळे दिवाळीला भरलेले दिसले म्हणून मेचे पाणी आहे असे समजू नका.

पायरी २: रान खोदून पाहा

रानाच्या मधोमध आणि उताराच्या खालच्या अंगाला एकेक मीटर खोल खड्डा घ्या. माती कुठे संपते, मुरूम कुठे लागतो, पांढरे चुनखडीचे खडे कोणत्या थरात आहेत ते पाहा. माती परीक्षणासाठी वरचा एकच नमुना देऊ नका. ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटीमीटर असे तीन थर वेगळ्या पिशव्यांत द्या आणि सामू (आम्ल-विम्लता), क्षारता, सेंद्रिय कर्ब यांच्याबरोबर मुक्त चुना तपासायला सांगा. मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर गेला तर डाळिंब आणि लिंबूवर्गीय झाडे टाळा. पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि फवारण्यांवर पैसा जात राहतो.

निचऱ्याची परीक्षा आणखी सोपी. ६० सेंटीमीटर खोल खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाणी तसेच उभे असेल तर त्या जागी सीताफळ, शेवगा, डाळिंब लावू नका.

पायरी ३: झाड निवडा

हलक्या मुरमाड माळावर, अर्धा मीटर मातीतही, सीताफळ आणि बोर तग धरतात. सीताफळाचा मोठा गुण म्हणजे शेळ्या-मेंढ्या त्याचा पाला खात नाहीत. ज्याच्या रानाला कुंपण नाही त्याने पहिले झाड म्हणून सीताफळच धरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. बाळानगर ही जुनी, खात्रीची जात. एनएमके-१ गोल्डन ही बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याची. फळ मोठे, बी कमी, झाडावर टिकाऊ, पण चांगल्या फळासाठी तिला पाणी आणि छाटणी दोन्ही हवे. सीताफळाचा दोष विक्रीत आहे: बाळानगर पिकले की तीन-चार दिवसांत संपते, त्यामुळे पुण्या-मुंबईची गाडी ठरलेली असावी लागते.

बोर हे खऱ्या अर्थाने दुष्काळाचे झाड. उन्हाळ्यात ते पाने गाळून झोपते, पावसात फुटते आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत फळ देते. उमराण, कडाका, मेहरूण या जाती बाजारात ओळखीच्या आहेत. फळ नव्या फुटीवर येते, म्हणून दरवर्षी एप्रिल-मेमध्ये जोरकस छाटणी करावीच लागते. जी बाग छाटली नाही तिची फळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच बारीक होतात. भुरी आणि फळमाशी यांच्याकडे लक्ष ठेवा.

चिंचेला धीर लागतो. बियांपासूनचे झाड आठ-दहा वर्षे घेते, कलम चौथ्या-पाचव्या वर्षापासून धरू लागते. प्रतिष्ठान ही जात मराठवाड्यात निवडलेली आहे. बार्शीची चिंचेची बाजारपेठ जवळ असणे ही आपल्या जिल्ह्याची जमेची बाजू, शिवाय चिंच नाशवंत नाही. आवळा मध्यम जमिनीत चांगला, पण एकाच जातीची सगळी झाडे लावली तर फळधारणा कमी राहते. कृष्णा, कांचन, एनए-७ यांपैकी किमान दोन जाती मिसळून लावा.

मंगळवेढ्याकडच्या भारी काळ्या रानात बाग करूच नये. ती जमीन मालदांडी जोंधळ्याची आहे आणि त्या ज्वारीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. तिथे झाडे फक्त बांधाला: चिंच, कडुनिंब किंवा रामकाठी बाभूळ. रामकाठी सरळ उभी, झाडूसारख्या निमुळत्या डोक्याची वाढते, सावली कमी पडते. म्हणून जुन्या लोकांनी ती बांधाला राखली.

डाळिंबाबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण नव्या माणसाची पहिली नजर त्यावरच जाते. सोलापूर डाळिंबालाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच केगावला आहे. पण तेल्या आणि मर हे रोग आणि खोड पोखरणारे भुंगे या तिन्हींशी रोज झुंजावे लागते, पाणी नियमित लागते आणि भांडवल कितीतरी जास्त. जिरायतदाराने पहिला हात डाळिंबावर साफ करू नये. आधी काटक झाड जगवून दाखवा, मग केगावच्या केंद्रात जाऊन सल्ला घ्या.

आणखी एक सावधगिरी. महोगनी, चंदन वगैरेची रोपे महाग विकून ‘बारा वर्षांनी आम्हीच खरेदी करू’ असे लिहून देणारे गावोगाव फिरतात. चंदन दुसऱ्या झाडाच्या मुळांवर जगणारे आहे. त्याला तूर, कढीपत्ता, कडुनिंब अशी सोबत लागते, गाभा तयार व्हायला पंधरा-वीस वर्षे जातात आणि शेवटी राखण करावी लागते ती चोरांपासून. खरेदीची हमी देणारी संस्था बारा वर्षांनी असेल का, एवढा एकच प्रश्न विचारा.

पायरी ४: आखणी

एक एकर मध्यम-हलक्या रानासाठी आम्ही असा नमुना सुचवतो: सीताफळाच्या दोन ओळींत ८ मीटर, ओळीतल्या दोन झाडांत ४ मीटर. एका झाडाला ३२ चौरस मीटर जागा, म्हणजे एकरी सुमारे १२५ झाडे. झाडाच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर सोडला की मध्ये ६ मीटरचा पट्टा पेरणीला उरतो. हा पट्टा तुमच्या पेरणी यंत्राच्या रुंदीच्या पटीत बसतो का ते आधी मोजा. अर्धा पाभर उरला की ड्रायव्हर झाडाला घासून जातो आणि सालीला जखम होते. दोन्ही टोकांना ट्रॅक्टर वळायला किमान ३ ते ४ मीटर जागा सोडा. नव्या बागांतली सर्वांत जास्त झाडे इथेच मोडतात.

उतार असेल तर ओळी उताराला आडव्या, त्यात दुसरा विचार नको. रान सपाट असेल तर ओळी दक्षिणोत्तर ठेवा. रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. ओळी पूर्व-पश्चिम घेतल्या तर प्रत्येक ओळीच्या उत्तरेचा ज्वारीचा पट्टा हिवाळाभर सावलीत राहतो. दक्षिणोत्तर ओळींची सावली सकाळी एकीकडे, दुपारनंतर दुसरीकडे सरकते.

बांधावरच्या झाडांचेही हेच तत्त्व. उत्तरेच्या बांधावर चिंच लावली तर तुमचे रान वाचते, पण सावली शेजाऱ्याच्या ज्वारीवर जाते. पलीकडे ओढा, रस्ता किंवा पड असेल तरच तिथे मोठी झाडे घ्या. सामाईक बांधावर कधीच लावू नका. आपल्या हद्दीत ३ मीटर आत या. झाड दहा वर्षांचे झाल्यावर मालकी कोणाची यावरून होणारे भांडण पिढ्यान्‌पिढ्या पुरते. चिंचेत दोन झाडांमध्ये १० मीटर अंतर हवेच. निलगिरी शेताच्या कडेला नको. बांधावरच्या झाडांची मुळे पिकात शिरू नयेत म्हणून झाडापासून दीड मीटरवर ६० सेंटीमीटर खोल चर काढून दर दोन वर्षांनी तो मोकळा करा.

पायरी ५: पैसे, लागवडीच्या आधी

इथे सगळ्यांत जास्त नुकसान होते ते क्रम चुकल्याने. आधी झाडे लावली आणि मग अर्ज केला तर अनुदान मिळत नाही. अर्ज, निवड, कागदपत्रे, पूर्वसंमती, आणि त्यानंतरच लागवड. पूर्वसंमतीचे पत्र हातात येईपर्यंत कलमांची पावतीसुद्धा करू नका.

रोजगार हमीतून फळबाग हा पहिला दरवाजा. अल्प व अत्यल्प भूधारक, अनुसूचित जाती-जमाती, दारिद्र्यरेषेखालील आणि महिला कुटुंबप्रमुख यांना त्यात जागा असते. जॉबकार्ड लागते, ग्रामसभेच्या आराखड्यात नाव यावे लागते. खड्डे खोदणे आणि झाडे जगवणे याची मजुरी तुमच्याच घरातल्या माणसांना मिळते. या योजनेचे नियम आणि दर बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचे परिपत्रक सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) पाहून घ्या.

रोजगार हमीत बसत नसाल तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना. कोकणाबाहेर किमान २० गुंठे आणि कमाल ६ हेक्टर. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे येते. दुसऱ्या हप्त्यासाठी किमान ८० टक्के आणि तिसऱ्यासाठी ९० टक्के झाडे जिवंत हवीत, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावून नांग्या भराव्याच लागतात. योजनेत प्रत्येक फळझाडाचे अंतर ठरलेले आहे. आपला ८ × ४ चा आराखडा त्यात बसतो का, हे आखणीआधी सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा. खड्डे भरण्याचे शेणखत, कुंपण, आंतरमशागत हा खर्च आपलाच धरा.

ठिबकसाठी वेगळा अर्ज. केंद्राच्या योजनेचे ५५ टक्के (इतरांना ४५) आणि राज्याचा वाढीव हिस्सा मिळून अल्प-अत्यल्प भूधारकाला खर्च मर्यादेच्या ८० टक्के, इतरांना ७५ टक्के अनुदान मिळते. इथली खोच अशी की आधी पूर्ण पैसे भरून संच बसवावा लागतो आणि अनुदान नंतर खात्यावर येते. मधल्या महिन्यांची उसनवारी कुठून करायची ते आधी ठरवा.

फुंडकर योजना आणि ठिबक यांचे अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर. सातबारा, आठ-अ, आधारशी जोडलेले बँक खाते आणि शेतकरी ओळख क्रमांक तयार ठेवा. जमिनीचे खाते सामाईक असेल तर सहहिस्सेदारांचे संमतीपत्र लागते. भावकीत बोलाचाली नसेल तर ते काम सगळ्यात आधी उरका, कारण बाकीची फाइल त्याच्यावाचून हलत नाही.

अनुदानाने सगळे भागत नाही. उरलेल्या पैशासाठी बहुतेक जण सोसायटीचे पीककर्ज वापरतात, आणि हीच मोठी चूक आहे. पीककर्ज वर्षात फेडायचे असते, झाड चौथ्या वर्षी पैसे देते. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर राज्यात व्याज सवलतीमुळे ते शून्य टक्क्यांवर येते. ते थकवून ही सवलत गमावणे म्हणजे झाडापायी ज्वारीचे भांडवलही घालवणे. पीककर्ज ज्वारी, तूर, हरभऱ्यासाठीच ठेवा.

झाडासाठी मुदत कर्ज मागा. बँकेकडे जाताना हे घेऊन जा: सातबारा, आठ-अ, चतुःसीमा, पाण्याच्या सोयीचा पुरावा, माती परीक्षणाचा अहवाल, मान्यताप्राप्त रोपवाटिकेचे आणि ठिबक विक्रेत्याचे दरपत्रक, इतर बँका-सोसायट्यांचे बेबाकी दाखले, आणि वर्षवार जमा-खर्चाचा एक कागद. या शेवटच्या कागदात पहिली तीन वर्षे फक्त आंतरपिकाचे उत्पन्न दाखवा. शाखाधिकाऱ्याला खोटे मोठे आकडे नको असतात. हप्ता कोणत्या पिकातून भरणार हे त्याला दिसायला हवे. शेतीकर्जाची विनातारण मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपये आहे. तेवढ्यासाठी गहाणखताचा आग्रह झाला तर हे नम्रपणे लक्षात आणून द्या.

हप्ता सुट्टी मागताना शब्द नीट समजून घ्या. मुद्दलाला सुट्टी मिळाली तरी व्याज चालूच असते. १० टक्के दराचे १ लाख रुपये चार वर्षे हात न लावता ठेवले आणि व्याज दरवर्षी मुद्दलात मिळाले, तर चौथ्या वर्षाअखेर १,४६,४१० रुपये देणे होते. म्हणून दरवर्षी ज्वारी-हरभरा विकला की व्याजाचे १०,००० रुपये भरून टाका. मग पाचव्या वर्षी हप्ता सुरू होताना मुद्दल १ लाखच राहते. पहिला हप्ता फळ विक्रीच्या महिन्यानंतरचा लिहून घ्या. सीताफळाला डिसेंबर, बोराला मार्च, चिंचेला मे.

झाड विम्याच्या वयाला आले की फळपीक विम्याचा विचार करा. ही योजना हवामानाच्या नोंदींवर चालते, पंचनाम्यावर नाही. तुमच्या महसूल मंडळात ते फळपीक अधिसूचित आहे का आणि झाडाला किती वर्षे पूर्ण व्हावी लागतात, हे हप्ता भरण्याआधी पाहा.

कार्बन क्रेडिटचे, म्हणजे झाडांनी हवेतला कार्बन शोषल्याबद्दलच्या मोबदल्याचे, पैसे देऊ म्हणणाऱ्या संस्थाही आता गावात येतात. काहींचे काम चांगले असेल, पण त्या पैशावर कर्जाचा हिशेब बांधू नका. करार मराठीत मागा. किती वर्षे झाड तोडता येणार नाही, झाड दुष्काळात मेले तर काय, मोजणीचा खर्च कोणाचा, आणि विक्रीतला वाटा रुपयांत किती, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत सही करू नये.

पायरी ६: खड्डे

एप्रिल-मेमध्ये ६० × ६० × ६० सेंटीमीटरचे खड्डे घ्या. मुरूम वर लागला असेल आणि झाड चिंच किंवा आंबा असेल तर मीटरभराचे. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका आणि खड्डे महिनाभर उन्हात तापू द्या. भरताना तळाशी वाळलेला पालापाचोळा १५ सेंटीमीटर, त्यावर वरची माती, पूर्ण कुजलेले शेणखत १५ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट अर्धा किलो, निंबोळी पेंड १ किलो आणि शेणखतात कालवलेली ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी २५ ग्रॅम. मुरूम परत आत टाकू नका, तो आळे बांधायला वापरा. खड्डा जमिनीपेक्षा थोडा उंच भरा. पावसाने तो बसतो. १२५ खड्ड्यांना शेणखत सुमारे १,९०० किलो, पेंड १२५ किलो आणि सुपर फॉस्फेट ६३ किलो लागते.

शेणखत कच्चे असेल तर वाळवी आणि हुमणी दोन्ही त्यामागे येतात. डिसेंबरमध्ये कलम उभे दिसते पण धरून ओढले की मुळाविना वर येते, ते याच कारणाने.

पायरी ७: कलम निवडणे आणि लावणे

शासनमान्य रोपवाटिकेतून, पक्क्या पावतीने, लागणाऱ्या संख्येपेक्षा १० टक्के जास्त कलमे घ्या. ही वरची कलमे घरी सावलीत सांभाळा; नांग्या भरायला त्याच वयाची झाडे मिळतात. कलम पेन्सिलीएवढे जाड, जोड भरलेला, साधारण वर्षाचे असावे. एक पिशवी फाडून पाहा. मुळे तळाशी गोल फिरलेली किंवा गाठी धरलेली असतील तर अख्खी गाडी परत करा. गाठी म्हणजे सूत्रकृमी, मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी, आणि ते एकदा रानात आले की जात नाहीत. संकोच करू नका, नुकसान वीस वर्षांचे असते.

ठिबक असेल तर जून-जुलैच्या पहिल्या दमदार पावसानंतर लावा. ठिबक नसेल तर घाई नको. जुलै-ऑगस्टच्या ओढीत कोवळे कलम सुकते, म्हणून ऑगस्टअखेरचा पाऊस सुरू झाल्यावर लावलेले बरे. मात्र मग हिवाळ्यातही पंधरा दिवसांतून पाणी घालावे लागते. संध्याकाळी लावा. पिशवी पूर्ण काढा, मातीचा गड्डा फुटू देऊ नका, जोड जमिनीच्या वर वीतभर राहू द्या. दीड मीटरची काठी रोवून कलम सैल आठ आकड्यात बांधा. दोन-अडीच महिन्यांनी जोडावरची प्लास्टिक पट्टी कापून काढा. ती राहिली की साल आवळली जाते आणि वाऱ्याने कलम बरोबर तिथेच मोडते. जोडाखालचे रानफुटवे दर पंधरा दिवसांनी हाताने मोडा. सहा महिने दुर्लक्ष झाले तर वरची जात मरून खाली रानटी झाड उरते.

पायरी ८: पहिला उन्हाळा

जानेवारीत आळ्यात १० सेंटीमीटर जाडीचे आच्छादन घाला. उसाचे पाचट, तुरीचा भुसा, ज्वारीचे धसकट काहीही चालेल. खोडाभोवती वीतभर मोकळे ठेवा. फेब्रुवारीअखेर झाडाच्या पश्चिम-नैर्ऋत्य बाजूला तूरकाठ्यांचा आडोसा करा, दुपारचे ऊन तिकडून भाजते. खोडाला बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. ठिबकचा ड्रिपर पहिल्या वर्षी खोडापासून १५ सेंटीमीटरवर, दुसऱ्या वर्षी ४५ वर, पुढे झाडाच्या घेराखाली. ड्रिपर खोडाला चिकटून राहिला तर बुडाला कूज लागते आणि मुळे पसरत नाहीत. ठिबक नसेल तर ७-१० लिटरचे मातीचे मडके तळाला भोक पाडून, त्यात सुती वात घालून, झाडापासून ३० सेंटीमीटरवर गळ्यापर्यंत पुरा. आठवड्यातून दोनदा भरले की झाडाला हवे तेवढे पाणी मिळते.

ज्वारी काढल्यावर रानात मेंढ्या बसवायची आपल्याकडे रीत आहे आणि खतासाठी ती उत्तमच. पण बोर, शेवगा, हादगा, चिंच असेल तर पहिली तीन वर्षे मेंढ्यांचा वाडा झाडांच्या पट्ट्यात बसवू नका, शेजारच्या रिकाम्या रानात बसवा. धनगराशी बोलणे दिवाळीतच करून ठेवा. प्रत्येक झाडाला बाभळीच्या काट्यांचे कडे घाला. नान्नजच्या माळाकडे काळविटांचे कळप फिरतात, तिथे काट्या छातीएवढ्या उंच हव्यात. आणि बांध पेटवणे बंद करा. दोन वर्षे पाणी घालून जगवलेली झाडे एका दुपारी जळतात. शेजाऱ्यालाही आधी सांगून ठेवा, मार्चमध्ये बांधालगत ३ मीटरचा पट्टा वखरून स्वच्छ करा.

पायरी ९: मधल्या पट्ट्यात काय

खरिपात मूग, उडीद, मटकी, हुलगा. रब्बीत ज्वारी, हरभरा, करडई. तूर घ्यायची तर पट्ट्याच्या मध्यावर, झाडाजवळ नको. मका आणि ऊस कोवळ्या बागेत अजिबात नकोत. सूत्रकृमींचा धोका असलेल्या रानात टोमॅटो, वांगी, भेंडी टाळा, झेंडूची ओळ घ्या. बोअरला मेपर्यंत पाणी असेल तर ओळीतल्या दोन सीताफळांच्या मध्ये एक शेवगा लावता येतो. पीकेएम-१ या जातीला सहा-आठ महिन्यांत शेंग येते, तीन फुटांवर शेंडा खुडून झाड बुटके ठेवायचे आणि चौथ्या वर्षी काढून टाकायचे. काढून टाकण्याचे हे काम जिवावर येते, कारण तोवर शेंगांचे पैसे यायला लागलेले असतात. पण ते झाले नाही तर सीताफळ सावलीत काटकुळे होते.

सीताफळाला पहिली दोन वर्षे आलेली फुले खुडा. खोड ५०-६० सेंटीमीटरपर्यंत एकच ठेवून त्यावर तीन-चार फांद्या चारी दिशांना राखा.

पायरी १०: नोंद, तोड आणि विक्री

लागवड झाल्यावर त्याच हंगामात ई-पीक पाहणीत झाडे नोंदवा. बांधावरच्या झाडांची नोंद वेगळी करता येते. ही नोंद नसेल तर विमा, कर्ज, भूसंपादनाची भरपाई, सगळीकडे झाड कागदावर नसतेच. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबतच्या १९६४ च्या अधिनियमातील अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग, चंदन, अंजन अशी झाडे आहेत. ती स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पुढेमागे झाड काढावे लागेल अशा जागी, म्हणजे विहिरीलगत किंवा घराच्या वाढीव जागेत, या जाती लावू नका. बांबूचे तसे नाही. २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमाच्या ‘वृक्ष’ या व्याख्येतून तो वगळला आहे.

चिंच बहुतेक जण झाडावरच उक्ती देऊन टाकतात. पहिल्या वर्षी निदान दोन झाडे स्वतः झोडपून, फोडून, चिंचोके काढून वजन करा; मग व्यापाऱ्याशी बोलताना तुमच्याकडे स्वतःचा आकडा असतो. सीताफळावरचे डोळे उघडून त्यांच्यामधल्या खाचा पांढरट-पिवळसर झाल्या की तोडा, देठ अर्धा सेंटीमीटर ठेवा, ऊन चढायच्या आत क्रेटमध्ये कागद घालून एकेरी थर लावा. दहा-बारा शेतकऱ्यांचा माल एका दिवशी एका गाडीत गेला तर भाडे वाटले जाते. अशी गाडी जमवायची असेल तर ती दहा-बारा माणसे लागवडीच्या वर्षीच, एकाच जातीवर, एकत्र यायला हवीत. रोपवाटिकेकडे जानेवारीत एकत्र मागणी नोंदवा, कलमांचा दरही त्यामुळे उतरतो.